पहिल्याचा अंक शून्य

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या हातून एक प्रमाद घडला. पारितोषिकांच्या पाच मानकऱ्यांची यादी आम्ही नव्यानेच शिकलेल्या पायथन भाषेच्या आधारे संगणकाकडून छापून घेतली आणि मोठ्या दिमाखात मंचावरून वाचली. नावे निघाली चारच. निबंधात पहिली आलेली मुलगी समोरच बसली होती. तिचे वडील दुकान बंद ठेवून आले होते. यादीतले पहिलेच नाव गळाल्याचे आमच्या ध्यानात आले, तोवर मंडप रिकामा झाला होता. दुसऱ्या दिवशी पारितोषिक घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. ती एवढेच म्हणाली, “सर, संगणकाला माझेच नाव कसे दिसले नाही?” चूक संगणकाची नव्हे, आमची, असे आम्ही सांगितले खरे, पण ते उत्तर अपुरे होते. पुरते उत्तर आज देत आहोत. आपल्या घरची मुले हे शास्त्र शिकू लागली असतील, तर त्यांनाही ते उपयोगी पडावे.

संगणकात यादी ही एका ओळीतल्या घरांसारखी असते. प्रत्येक घराला जो अंक असतो, त्याला निर्देशांक म्हणतात. आपण समजतो की हा अंक म्हणजे ‘कितवा’. वस्तुतः तो सांगतो, ‘आरंभापासून किती घरे ओलांडायची’. जुन्या वाड्याचे उदाहरण घ्यावे. दारातून आत पाऊल टाकताच आपण तळमजल्यावर असतो. जिना एकही चढावा लागत नाही. एक जिना चढल्यावर लागतो तो ‘पहिला मजला’; मोजू गेल्यास तो दुसरा. यादीचेही तसेच आहे. पहिल्या नावासाठी काहीच ओलांडावे लागत नाही, म्हणून ते नावे[०], दुसरे नावे[१], आणि पाचवे नावे[४]. (येथे आम्ही देवनागरी अंक छापले आहेत, संगणकावर मात्र इंग्रजी अंकच टंकावे लागतात.)

आता आमची चूक पाहा. नावे पाच, म्हणून आम्ही ‘रेंज’मध्ये १ आणि ५ हे अंक घातले. पायथनची रीत अशी, की आरंभीचा अंक धरायचा आणि अखेरचा सोडायचा. हाती आले १, २, ३, ४. म्हणजे दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची नावे. आम्ही नावे[५] मागितले असते, तर असे घरच नाही म्हणून पायथनने तत्काळ तक्रार केली असती. येथे प्रत्येक अंकाचे घर अस्तित्वात होते, त्यामुळे यंत्र गप्प राहिले. तक्रार न करणारी चूक अधिक घातक, हा धडा आम्हाला पन्नाशीनंतर मिळाला.

अखेरचा अंक सोडण्याची ही रीत विक्षिप्त वाटेल. परंतु तिच्यामागे विचार आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात शून्यापासून मोजण्याचे समर्थन केले, ते याच रीतीच्या आधारे. नावे[०:२] म्हटले की दोन नावे येतात, नावे[२:५] म्हटले की तीन. दोन अंकांची वजाबाकी हीच संख्या. तुकडे जोडले तर पाच पूर्ण, ना एखादे दुबार, ना एखादे गहाळ. सर्वच भाषा असे मोजतात असे मात्र नाही. १९५७ ची फोर्ट्रान भाषा एरवी एकापासून मोजते. म्हणून नवी भाषा शिकताना हा प्रश्न प्रथम विचारावा. पायथनमध्ये शेवटाकडूनही मोजता येते: नावे[-१] हे अखेरचे नाव, नावे[-२] त्याच्या अलीकडचे.

मराठी मुलांसाठी एक गंमत सांगतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली, तर उत्तर तीन नव्हे, पाच येते. कारण काना आणि दुसरी वेलांटी यांची घरे स्वतंत्र असतात. त्यामुळे निर्देशांक २ मागितला, तर ‘ठी’ न येता नुसता काना हाती येतो! आपल्या अक्षराचे एक घर आणि संगणकाचे एक घर दर वेळी एकच असते, असे गृहीत धरू नये.

आता आमच्या शाळेत एक शिरस्ता पडला आहे. यादी छापली, की आधी पहिले आणि शेवटचे नाव मूळ कागदाशी ताडून पाहायचे, मग नावांची संख्या मोजायची. बहुधा चूक लपते ती दोन्ही टोकांना. हे काम त्याच मुलीकडे आहे. परवा आमच्याच एका यादीवर तिने बोट ठेवले आणि म्हणाली, “सर, शेवटचा राहिला.” आम्ही मुकाट्याने दुरुस्ती केली.