दस्ता लाकडी की ॲल्युमिनियमचा?

माझं मत विचाराल तर, १० मीटर एअर रायफलला आधी साधा लाकडी दस्ता घ्या. इथे सगळे शॉट उभ्यानेच मारायचे. चीकपीस आणि बटप्लेट एकदा नीट बसली की झालं. ५० मीटर थ्री पोझिशनचं वेगळं. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून... दर वेळी मान, खांदा बदलतो. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते याच प्रकारात. तिथे ॲडजस्टमेंट हवीच.

मी मात्र हौसेने ॲल्युमिनियमचा घेतला आणि सहा महिने ॲलन की फिरवत बसलो (सेटिंग दिसलं की बदलायचं, ही आमच्या धंद्यातली खोड!). स्कोअर जैसे थे. दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. मान न वाकवता डोळा मागच्या साइटसमोर आला, तर दस्ता आपला. एवढं तेव्हा केलं नाही. हप्ते अजून चालू आहेत.