मरण मस्कतचं, वारसनोंद गावची

गुरुवारी रात्री साडेनऊला मावसभावाचा फोन आला. "दादा, पोरगं परांचीवरनं पडलं म्हणत्यात. गेलं म्हणत्यात." एवढं बोलून तो गप्प झाला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी साताऱ्यात, तो विट्याजवळच्या गावी आणि पोरगं मस्कतला.

टेंभूचं पाणी आल्यावर या पोराने सोसायटीचं कर्ज काढून द्राक्षबाग लावली होती. एका गारपिटीत ती झोपली. कर्ज फेडायला नववी नापास पोरगं ओमानमध्ये बांधकामावर गेलं. दोन वर्षांत बरंचसं फिटलंही होतं.

ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि आपल्याकडे रविवार. म्हणजे मरणानंतरचे पहिले तीन दिवस कुणाची ना कुणाची कचेरी बंद. सोमवारी कंपनीच्या माणसाचा निरोप आला : पत्नीचं संमतिपत्र पाठवा. मृतदेह गावी आणायचा की तिथेच अंत्यविधी करायचा, आणायचा तर ताब्यात कोण घेणार, हे नोटरीसमोर लिहून द्यायचं. तीन दिवसांपूर्वी विधवा झालेल्या बाईला नोटरीच्या बाकावर बसवून इंग्रजी कागदावर सही करायला सांगणं काय असतं, ते मी पाहिलं आहे. सून एकच विचारत होती, "ह्येच्यावर काय लिवलंय?"

अपघाती मृत्यू म्हणजे पोलिसांचा अहवाल आला. मग रुग्णालयाचा दाखला, अरबीतून इंग्रजीत त्याचं भाषांतर, देह टिकवण्यासाठी औषध भरल्याचं प्रमाणपत्र, आपल्या वकिलातीचा ना-हरकत दाखला, रद्द केलेला पासपोर्ट. अकराव्या दिवशी मुंबईला पेटी आली. ती प्रवाशांच्या दरवाजातून येत नाही, मालाच्या गोदामातून येते, हेही तिथे गेल्यावर कळलं. पेटीबरोबर कागदांचा जाड लिफाफा मिळाला. रुग्णवाहिका खंबाटकी चढत असताना तो माझ्या मांडीवर होता. उघडून बघण्याची हिंमत झाली नाही.

दिवस झाले आणि खरी वणवण सुरू झाली. बापाने वाटणी करून दीड एकर पोराच्या नावावर चढवलं होतं. सातबाऱ्यावर सुनेचं आणि नातवाचं नाव लावायचं म्हणजे मृत्यूचा दाखला हवा. आम्ही तलाठ्यापुढे अरबी कागद आणि त्याचं भाषांतर ठेवलं. तो म्हणाला, "हे मी फेरफाराला कसं लावू? ग्रामपंचायतीचा दाखला आणा." ग्रामसेवक म्हणाला, "मरण इथं झालेलं नाही, मी दाखला कसा देऊ?" रागाच्या भरात मी दोघांनाही बोललो. आज सांगतो, ग्रामसेवकाचं म्हणणं कायद्याला धरून होतं. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते.

आमच्या भागातल्या लोकांना खरं तर हे माहीत आहे. विटा, आटपाडी, खटाव, माण इथले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेले आहेत. त्यांच्यातला कुणी परमुलखात गेला की तिथल्या नगरपालिकेचा दाखला घेऊन लोक येतात आणि तो इथे चालतो. पण देशाची हद्द ओलांडली की नगरपालिकेच्या जागी कोण, हे गावात कुणाला सांगता येत नव्हतं.

एका जाणत्याने उपाय सुचवला : "घरीच वारला म्हणून लिहून टाकू. आपलीच माणसं आहेत." खोटं कशाला बोलू, त्या रात्री मलाही ते पटलं होतं. पण भाऊ म्हणाला, "पोरगं तिकडं मेलं. इथं मेलं म्हणून मी सही करणार न्हाई." त्याच्या हट्टाने आम्ही वाचलो. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहेच. शिवाय ट्रंकेत एक विमापत्र होतं. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशात कामाला जाताना प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीने उतरवावा लागतो. हप्ता दोन-तीन वर्षांचे जेमतेम २७५ किंवा ३७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला भरपाई १० लाख. गावात मेल्याचा दाखला काढला असता तर मस्कतच्या अपघाताचे १० लाख मागायचे कोणत्या तोंडाने?

वाट दाखवली ती साताऱ्यातल्या एका निवृत्त वकिलाने. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा काढून त्यांनी कलम २० वर बोट ठेवलं. भारतीय नागरिक परदेशात वारला तर आपल्या वकिलातीत नोंद होते आणि ती या कायद्याखालीच झाली असं मानलं जातं. मी म्हटलं, मग तो कागद आणायचा कुठून? ते म्हणाले, "लिफाफा नीट बघितलात का?"

लिफाफ्यात तो होता. वकिलातीच्या शिक्क्याचं एक पान, जे मी पैसे भरल्याची पावती समजून बाजूला ठेवलं होतं. चार महिने आम्ही ज्याच्यासाठी चपला झिजवल्या, तो कागद भावाच्या ट्रंकेत पडून होता.

आणखी एक गोष्ट. आडनाव पाटील आणि अरबी लिपीत 'प' नाही. त्यामुळे अरबीतून इंग्रजीत परत येताना पाटलाचा 'बातील' झाला होता. वकिलातीच्या कागदावर नाव पासपोर्टबरहुकूम होतं, म्हणून निभावलं. तेव्हा प्रत्येक कागदावर पासपोर्टचा नंबर आहे ना, एवढं तरी जरूर पाहा. ज्यांच्या मुलांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय त्यांची वाट मात्र वेगळी. त्यांची नोंद आपल्या वकिलातीत होत नाही, तिथल्या दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का घ्यावा लागतो. दाखल्याच्या प्रती चार-पाच तरी मागून घ्याव्यात.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. त्या युद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झालं, त्यावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे नुसते आकडे. परमुलखात मेलेल्या गरिबाचं नाव कागदावर नीट यावं, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. तक्रारीसाठी २०१५ पासून 'मदद' आहे, मृतदेह आणण्याच्या परवानगीसाठी २०२३ पासून 'ई-केअर' आहे. पण हे सगळं संगणकावर आणि इंग्रजीत. केरळने १९९६ मध्येच परदेशी गेलेल्यांसाठी वेगळं खातं काढलं. तिथे 'नोर्का रूट्स'ची रुग्णवाहिका मृतदेह विमानतळावरून फुकट घरी पोचवते. आपली माणसं तेवढी जात नाहीत, मान्य. पण सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकारी कचेरीत एक टेबल, एक माहीतगार कारकून आणि मराठीत छापलेलं एक पान, यात सरकारचं काय जाणार आहे? त्या पानावर 'वकिलातीचा कागद जपून ठेवा' एवढं एक वाक्य असतं, तर आमचे चार महिने वाचले असते.

फेरफार गेल्या महिन्यात मंजूर झाला. विम्याचा दावा दाखल केलाय. कंपनीकडे राहिलेल्या पगारासाठी वारस दाखला मागितलाय. तो आपल्याकडे दिवाणी न्यायालय देतं, तेही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. सून आता सगळे कागद एका पिशवीत ठेवते आणि कुठल्या कागदावर काय लिहिलंय ते न अडखळता सांगते.