दांत, हिरड्या आणि मधुमेह

आपल्याकडे घरांतील वडील माणसाचा दांत हलूं लागला, कीं "आतां वय झालें" एवढें म्हणून सर्व मंडळी स्वस्थ बसतात. त्याच माणसास मधुमेह असेल, तर साखरेची वही निराळी, साखरेचा डॉक्टर निराळा, साखरेचें पथ्य निराळें. दांतांना मात्र कोणी वालीच नसतो. तोंड आणि रक्त हीं जणूं दोन स्वतंत्र संस्थानें होत, अशा समजुतीनें हा कारभार चालतो. ही समजूत खरी नाहीं, व ती म्हाताऱ्या माणसांस फार महाग पडते, हें आज वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे.

आमच्या पूर्वाचार्यांस या संबंधाची चाहूल लागलेली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेहाचीं पूर्वरूपें सांगतांना तळहात व तळपाय यांची आग, तहान, मूत्राची गोडी यांच्याबरोबरच श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, गळा, जीभ व दांत यांवर मळ सांचणें हींही लक्षणें गणलेलीं आहेत. प्रमेह म्हणजे हुबेहूब आजचा मधुमेह नव्हे, हें खरें. तथापि या रोगाचा माग काढतांना रोग्याचें तोंडही पाहावें, ही दृष्टि त्यांत स्पष्ट आहे. पुढें १९९३ सालीं हाराल्ड लो या नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञानें डोळे, मूत्रपिंडें, मज्जातंतू व मोठ्या रक्तवाहिन्या यांचे विकार आणि जखमा लवकर न भरणें या पांच उपद्रवांच्या पंक्तीस हिरड्यांचा रोग बसवून त्यास मधुमेहाचा सहावा उपद्रव असें नांव दिलें.

हा उपद्रव घडतो कसा? दांत व हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर रोज सांचतो. तो वेळीं निघाला नाहीं, तर हिरडी लाल होऊन सुजते व घासतांना रक्त येतें. पुढें थराचें कठीण किटण बनतें, हिरडी दांतापासून सुटून मध्यें खोबण पडते, आणि आंतलें हाड झिजून दांत हलूं लागतो. दुखणें बहुधा नसतेंच. म्हणून हा चोर घरांत शिरल्याचें फार उशिरां कळतें. त्यांत रक्तांतील साखर चढलेली असली, कीं जंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, तोंड कोरडें पडतें आणि आलेली सूज लवकर शमत नाहीं. साखर ताब्यांत नसलेल्या माणसास या रोगाचा धोका इतरांच्या सुमारें तिप्पट असतो, तो यामुळेंच.

पण गोष्ट येथेंच संपत नाहीं. हिरड्यांतील सूज तेथल्या तेथें राहत नसून तींतून निघणारीं द्रव्यें रक्तांत मिसळतात, इन्सुलिनच्या कामांत अडथळा आणतात, आणि साखर आणखी चढते. शास्त्रांतला बीजांकुरन्याय तो हाच. सुदैवानें या चक्रास उलटेंही फिरवितां येतें. २०२२ सालीं कॉक्रेन या संस्थेनें ३५ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हां हिरड्यांवर उपचार केल्यास तीनचार महिन्यांनीं रक्तांतील सरासरी साखर दाखविणारा एचबीएवनसीचा आंकडा सुमारें ०.४ नें उतरतो, असें आढळून आलें. हें औषधाच्या ऐवजीं नव्हे, औषधाच्या जोडीला. तरीही ही मदत थोडी नव्हे.

आतां घरांतली गोष्ट पाहूं. आजीबाईंचे दांत ढिले झाले, कीं भाकरी, उसळ, कोशिंबीर हे पदार्थ त्यांच्या ताटांतून हळूहळू नाहींसे होतात, आणि गुरगुट्या भात व चहांत बुडविलेलीं बिस्किटें तेवढीं उरतात. मग साखर चढते, आणि सून, मुलगा, नातवंडें सर्वजण पथ्य मोडल्याबद्दल त्यांनाच बोल लावतात. दोष पुष्कळदां त्यांच्या जिभेचा नसून हिरड्यांचा असतो. पण घासतांना रक्त येतें, हें त्यांनीं संकोचानें कोणास सांगितलेलें नसतें. कित्येक घरांत त्यावर अजूनही मिश्री लावतात. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू. तिनें हिरड्यांचें हित होत नाहीं, नाशच होतो.

दुसरी एक भीति अशी, कीं दंतवैद्याकडून किटण काढविल्यास दांत ढिले होतात. वास्तविक हाड आधींच झिजलेलें असतें. किटण निघाल्यावर तें उघडें पडतें, एवढेंच. झिजलेलें हाड सहसा परत येत नाहीं; म्हणूनच रक्त येण्याच्या पहिल्या पायरीवर जागें होणें शहाणपणाचें. त्या पायरीवरून परततां येतें, हें डेन्मार्कमधील ऑर्‌हूस येथें लो यांनींच १९६५ सालीं दाखविलें. दांत घासणें सोडलेल्या बारा जणांच्या हिरड्या तीन आठवड्यांच्या आंत सुजल्या, आणि घासणें पुन्हां सुरू होतांच पूर्ववत् झाल्या.

तेव्हां ज्या घरीं मधुमेही माणूस आहे, तेथें इतकें व्हावें. दोन्ही वेळां मऊ ब्रशानें दांत घासावे व दांतांमधील फटीही स्वच्छ कराव्या. वर्षांतून निदान एकदां दंतवैद्यास तोंड दाखवावें. कवळी बसविलेल्यांनींही हें टाळूं नये. दंतवैद्यास साखर सांगावी आणि साखरेच्या डॉक्टरास हिरड्या सांगाव्या. दांत काढावयाचा असल्यास उपाशी राहावें कीं कसें, औषध घ्यावें कीं कसें, हें आपल्या मनानें न ठरवितां डॉक्टरांस विचारावें.

आणि आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील वडील माणसांस एक प्रश्न अवश्य विचारावा: "घासतांना रक्त येतें का?" त्या आपण होऊन सांगणार नाहींत, विचारणें हें घरांतील तरुण मंडळींचें काम आहे.