मैदानाची चावी कुणाकडे?

शिळफाट्याला एसटीची वाट बघत उभी होते. (ठाण्याजवळचा नाही हो, आपला खोपोलीचा शिळफाटा.) शेजारी एक बाई आणि तिची तेरा-चौदा वर्षांची मुलगी. मुलीच्या पायात गुडघ्यापर्यंत मोजे, हातात फुटबॉलचे बूट, बुटांना चिखल. आईच्या हातात भाजीची पिशवी. मी पेपरात लिहिते हे तिला कुणीतरी सांगितलेलं असावं.

"ताई, तुम्हीच समजवा हिला. रोज दोन-दोन तास मैदानावर. इंडियाच्या टीममध्ये अशा किती पोरी जातात हो?"

"अकरा," मुलगीच म्हणाली.

"आणि बाकीच्यांनी काय करायचं?"

मुलगी गप्प. खरं सांगते, मीही गप्पच. तेवढ्यात गाडी आली आणि दोघी चढून गेल्या. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. कारण ज्या अकरा जणी जातात, त्यांचंही खेळणं तिशी-पस्तिशीला संपतंच की. पुढच्या तीस वर्षांचं काय?

पुरुष खेळाडूंना निदान पुढच्या खुर्च्या दिसतात तरी. मुंबईचे हेन्री मेनेझिस घ्या. भारताचे गोलकीपर होते. खेळणं थांबलं तसा त्यांनी महिंद्रा युनायटेड या क्लबचा कारभार पाहिला. २०१० मध्ये तो क्लबच बंद झाला. पुढे ते 'विफा'चे, म्हणजे महाराष्ट्रातला फुटबॉल चालवणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे, मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. मैदानावरून ऑफिसात जायची ही वाट पुरुषांनी वर्षानुवर्षं तुडवलेली आहे. कोल्हापुरात तर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचेच फुटबॉल संघ. आज खेळणारा पोरगा उद्या तालमीचा कार्यकर्ता होणार, हे तिथे कुणी शिकवावं लागत नाही. पण तालमीच्या कट्ट्यावर बाई बसलेली तुम्ही कधी पाहिली आहे का?

त्याच कोल्हापूर जिल्ह्यातली, गडहिंग्लज तालुक्यातली एक मुलगी मात्र या वाटेनं गेली. अंजू तुरंबेकर. शेतकऱ्याच्या घरातली, महाराष्ट्राकडून खेळलेली. प्रशिक्षकांच्या परीक्षा एकेक करत तिनं आशियाई महासंघाचा 'ए' परवाना मिळवला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या, म्हणजे ज्याला 'ग्रासरूट' म्हणतात त्या कामाची ती प्रमुख झाली. आणि मग गोव्याच्या देंपो क्लबनं तिला आपल्या युवा विकास विभागाची प्रमुख केलं.

देंपो हा काही साधासुधा क्लब नाही. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा देशाची लीग जिंकलेला क्लब. तिथे युवा विकासाची प्रमुख म्हणजे कुठल्या वयाच्या मुलांना कोण शिकवणार, सराव कधी, नवी मुलं कुठून आणायची, हे सगळं बघणारी व्यक्ती. मुलग्यांचंसुद्धा! सत्कार घेणारी पाहुणी म्हणून नव्हे, पगार घेऊन काम करणारी अधिकारी म्हणून ती तिथे गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गोव्यातच आणखी एक नाव आहे, वालंका आलेमाव. चर्चिल ब्रदर्स या क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकारी. क्लब घरचा, वडील चर्चिल आलेमाव गोव्याचे माजी मुख्यमंत्री. त्यांच्या कामाला कमी लेखायचं नाही, पण घरच्या दारानं आत येणं वेगळं आणि मैदानाच्या दारानं येणं वेगळं. शिळफाट्याच्या मुलीकडे पहिलं दार नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, क्लबच्या ऑफिसात असं असतं तरी काय? बचत गट चालवणाऱ्या मैत्रिणींना हे समजावून सांगायला नकोच. गटाच्या अध्यक्ष कितीही छान बोलत असल्या तरी आपण विचारतो, बँकेत सही कुणाची? क्लबचंही तसंच. खेळाडूंची नोंदणी वेळेत कोण करणार, स्पर्धेची फी कुणी भरायची, बस की रेल्वे, गावाबाहेर गेल्यावर मुली कुठे उतरणार, सोबत बाई माणूस आहे का, जेवण किती वाजता. मैदान मुलग्यांना चार वाजता आणि मुलींना उरलेल्या उजेडात, हे कुणी ठरवलं? शौचालयाला कुलूप असेल तर चावी कुणाकडे? सामना टीव्हीवर दिसतो, हे काही दिसत नाही. पण मुलगी खेळ सोडते ती बहुतेक वेळा यातल्याच कशामुळे तरी. पाळीच्या दिवसांत बारा तासांचा प्रवास आणि मॅनेजर पुरुष! कुणाला सांगायचं?

ऑफिसातल्या एका सहीचं वजन किती, ते केरळात दिसलं. ३ मार्च २०२३ ला केरला ब्लास्टर्सचा पुरुष संघ रेफ्रीचा निर्णय पटला नाही म्हणून बंगळुरूविरुद्धचा सामना अर्धवट टाकून मैदानाबाहेर गेला. महासंघानं क्लबला ४ कोटी रुपये दंड केला. जूनमध्ये क्लबनं जाहीर केलं की या आर्थिक फटक्यामुळे आपला महिला संघ आम्ही तात्पुरता थांबवत आहोत. मैदान सोडून कोण गेलं आणि शिक्षा कुणाला झाली बघा. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या बैठकीत एखादी माजी महिला खेळाडू सहीच्या अधिकारानं बसली असती, तर निदान एवढं तरी विचारलं गेलं असतं की खर्च कापायचाच तर सुरुवात आमच्यापासूनच का?

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. मार्च २०२४ मध्ये महिलांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगसाठी हिमाचल प्रदेशचा एक संघ गोव्यात उतरला होता. त्यातल्या दोन मुलींनी तक्रार केली की आम्ही रात्री अंडी करत होतो, तेव्हा क्लबचा मालक दारूच्या नशेत खोलीत शिरला आणि त्यानं आम्हाला मारहाण केली. गोवा पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघानं निलंबित केलं. आरोप खरे की खोटे हे कोर्ट ठरवेल. मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हा मालक महासंघाच्या कार्यकारी समितीचाही सदस्य होता. म्हणजे क्लबात मालक तोच आणि वर तक्रार करायची तर तिथेही तोच बसलेला. त्या मुलींनी तरीही तोंड उघडलं, त्यांच्या धैर्याला काय म्हणावं!

मग वरच्याच खुर्चीवर खेळाडू बसवला तर? तसंही झालं आहे. महासंघाचा कारभार कोर्टाच्या समितीकडे गेला म्हणून १५ ऑगस्ट २०२२ ला 'फिफा'नं भारतावर बंदी घातली. ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याकडे व्हायचा होता, तोच हातचा जाण्याची वेळ आली. बंदी २६ ऑगस्टला उठली, स्पर्धा झाली आणि अंतिम सामना आपल्या नव्या मुंबईत झाला. मधल्या काळात २ सप्टेंबरला निवडणूक होऊन माजी गोलकीपर कल्याण चौबे अध्यक्ष झाले. महासंघाच्या ८५ वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदाच खेळाडू अध्यक्ष. समोर होता बायचुंग भुतिया, ज्याचं नाव फुटबॉल न बघणाऱ्या बायकांनाही माहीत. त्याला मतं किती मिळावीत? ३३ विरुद्ध १. मतं होती राज्य संघटनांची, खेळाडूंची नव्हती. मैदानावरची कीर्ती आणि संघटनेतलं बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका मतानं सगळ्यांना कळलं. समितीत सहा माजी खेळाडूंना घेतलं, त्यात बायका दोन, तबाबी देवी आणि पिंकी बोंपाल मगर.

बरं, खेळाडू अध्यक्ष झाला म्हणून सगळं सुरळीत झालं का? २०२५ मध्ये पुरुषांची मोठी लीग, आयएसएल, पैशांच्या कराराच्या घोळात वेळेवर सुरूच झाली नाही. खेळाडूंचे पगार अडकले, क्लब हवालदिल झाले. आणि त्याच वर्षी ५ जुलैला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली! याचा दोष एकट्या अध्यक्षांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण गोल अडवता येतो म्हणून करार वाचता येतो असंही नाही. जर्मनीच्या उली हेनेस यांनी गुडघा गेल्यावर २७ व्या वर्षी, १९७९ मध्ये, बायर्न म्युनिक क्लबचा कारभार घेतला आणि क्लब श्रीमंत केला. तेच हेनेस २०१४ मध्ये स्वतःचा कर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेले. खेळाडू असला तरी हिशेब तपासायचाच असतो.

नॉर्वेच्या लिसे क्लावेनेस यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. देशाकडून खेळल्या, कायदा शिकल्या, वकिली केली, महासंघाच्या ऑफिसात काम केलं, आणि मार्च २०२२ मध्ये त्याच्या अध्यक्ष झाल्या. तिथली पहिली बाई. त्याच महिन्यात दोह्यात 'फिफा'च्या सभेत त्यांनी कतारमधल्या स्थलांतरित मजुरांच्या हक्कांबद्दल सगळ्यांसमोर सुनावलं. खेळलेल्या होत्या आणि कागद वाचायला शिकलेल्याही होत्या.

आपल्याकडे निदान कागदावर तरी दार उघडलं आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. १४ जणांची कार्यकारी समिती. दोन उपाध्यक्षांपैकी एक बाई. ५ माजी खेळाडू, त्यात किमान दोन महिला. पण खेळाडू म्हणून या यादीत यायला देशाकडून खेळलेलं असावं लागतं. म्हणजे हे दार दिल्लीतलं आणि त्या अकरा जणींचं. तालुक्याच्या क्लबात, जिथे 'बाकीच्या' शेकड्यांनी आहेत, तिथे कोर्ट येणार नाही.

तिथे काय होतं ते पंधरा दिवसांनी कळलं. तीच बाई पुन्हा शिळफाट्यालाच भेटली. सांगत होती, मुलीच्या क्लबनं एका जुन्या खेळाडूला कमिटीवर घेतलंय. कर्जतला नोकरी करते, तीन वर्षांपूर्वीपर्यंत इथेच खेळायची. लेटरहेडवर 'महिला प्रतिनिधी' म्हणून नाव छापलं.

"काम काय दिलंय तिला?" मी विचारलं.

"बक्षीस समारंभाला पाहुण्यांना गुच्छ द्यायचे," बाई म्हणाली आणि स्वतःच हसली. "पण आम्ही सात-आठ आया गेलो होतो रविवारी. म्हटलं, मुलींची टीम बाहेरगावी जाईल तेव्हा सोबत ही जाणार, प्रवासाचे पैसे हिच्या हातात, आणि शौचालयाची चावी हिच्याकडे. वॉचमन पाचला निघून जातो हो, पोरींनी काय करायचं?"

"मग काय म्हणाले?"

"मिटिंगमध्ये ठेवतो म्हणाले. आम्ही विचारलं मिटिंग कधी, तर तारीख सांगेनात. मग आम्हीच अर्ज लिहून दिला आणि पोचपावती घेतली." पिशवीतून घडी केलेला कागद काढून तिनं मला दाखवला. खाली सगळ्या आयांच्या सह्या होत्या. मुलगी तोवर रस्त्यापलीकडे मैत्रिणींना हात करत होती.