घरबसल्या इंग्रजी : क्रियापदाला विचारा ‘कसे?’

‘तिचा आवाज गोड आहे’ आणि ‘ती गोड गाते’. मराठीत दोन्हीकडे ‘गोड’ हा एकच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र आवाज ‘स्वीट’ असतो आणि ती ‘स्वीटली’ गाते. पहिला शब्द आवाजाचा गुण सांगतो, तर दुसरा गाण्याची रीत. अशा दुसऱ्या शब्दाला रीतिवाचक क्रियाविशेषण, म्हणजेच ‘अ‍ॅडव्हर्ब ऑफ मॅनर’ म्हणतात. तो ओळखायचा तर क्रियापदाला ‘कसे?’ असे विचारा.

लखनौचेच उदाहरण घेऊ. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने तेथे १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज सुरू झाले. तेच आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. समजा, तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीला परदेशी पाहुण्याला लय समजावून सांगायची आहे. विलंबित लयीसाठी ती म्हणेल, ‘शी सिंग्ज स्लोली.’ द्रुत लयीसाठी मात्र ‘शी सिंग्ज फास्ट.’ ‘फास्टली’ असा शब्दच इंग्रजीत नाही! ‘गुड’चेही तसेच. ती चांगली गाते, म्हणजे ‘शी सिंग्ज वेल.’

म्हणून दिसेल त्या शब्दाला ‘ली’ जोडू नका. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी खूप मेहनत करतो. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही! नोकरीच्या मुलाखतीत एवढासा ‘ली’ महागात पडेल. उलट ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ यांच्या शेवटी ‘ली’ असूनही ती विशेषणे आहेत.

आता जागेचे पाहू. ‘ती इंग्रजी सफाईने बोलते’ या वाक्यात ‘सफाईने’ क्रियापदाच्या आधी येते. इंग्रजीत ते कर्मानंतर येते : ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली.’ क्रियापद आणि कर्म यांची ताटातूट करू नका, म्हणजे झाले.

‘पहले आप’ म्हणणाऱ्या लखनौची ख्याती काय बोलले यापेक्षा कसे बोलले यासाठीच आहे. ते ‘कसे’ इंग्रजीत सांगायला हेच शब्द लागतात.

सराव : इंग्रजी करा. १) तो नम्रपणे बोलला. २) तिने पत्र काळजीपूर्वक वाचले. ३) मुले जोरात धावली.

उत्तरे : १) ही स्पोक पोलाइटली. २) शी रेड द लेटर केअरफुली. ३) द चिल्ड्रन रॅन फास्ट.