आपली रिंगटोन आपणच करावी

मंडळी, आज जरा भांडायचंय. "रिंगटोन? काका, हल्ली कोण लावतं रिंगटोन?" असं म्हणून हसणाऱ्या आमच्या पुतण्या-भाच्यांशी भांडायचंय. आपल्याच फोनची घंटी आपल्यालाच विकत देणाऱ्या व्यापाऱ्यांशी भांडायचंय. आणि "आपल्याला बुवा ते कॉम्प्युटरमधलं काही जमत नाही" असं म्हणत दुकानातून आला तसाच फोन वाजू देणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांशी तर सगळ्यात जास्त!

माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे गाण्याची फाइल आहे, तिच्यातून पंचवीस-तीस सेकंदांचा तुकडा कापायचा आणि तो आपल्या फोनला लावायचा. एवढं प्रत्येकाला स्वतः करता आलं पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्यांना तर आलंच पाहिजे. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून.

गरज कशी, ते सांगतो. वय झालं की कान आधी वरचे, बारीक आवाज सोडतात. आणि फोनबरोबर फुकट मिळणाऱ्या रिंगटोन कशा असतात बघा. काचेचे लोलक किणकिणावेत, पाण्याचे थेंब टपकावेत, तशा. ज्या तरुण मुलांनी त्या केल्या त्यांना त्या छान ऐकू येत असणार. आमच्या पिढीतल्या माणसाला शेजारच्या खोलीत फोन वाजतोय हेच कळत नाही. मग मुलं परदेशातून तीनदा फोन करतात, कुणी उचलत नाही, आणि शेवटी शेजाऱ्यांना फोन जातो, "जरा आईबाबांकडे बघून येता का?" घरोघरी चाललेला प्रकार आहे हा.

दुसऱ्या बाजूने फोनची अडचण अशी की त्याचा स्पीकर शेंगदाण्याएवढा. त्याला खर्ज पेलत नाही. डग्ग्याची घुमक, तंबोऱ्याची खालची तार त्यातून येतच नाही. म्हणजे कान वरचं ऐकत नाही आणि फोन खालचं वाजवत नाही! उरतो मधला पट्टा, आणि तो माणसाच्या गळ्याचा. जुन्या तारेच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, आणि तेवढ्यात माणसाचं बोलणं व्यवस्थित कळत असे. तेव्हा म्हाताऱ्या कानाला चांगली रिंगटोन म्हणजे मोकळा गळा, हार्मोनियमचं मधलं सप्तक, सनई. कंपनीच्या यादीत हे सापडणं कठीण. मग करणार कोण? आपणच.

दुसरी गरज याहून मोठी. चष्मा बाहेरच्या खोलीत, फोन स्वयंपाकघरात, हात पिठात. कोणाचा फोन आहे ते बघणार कसं? आता बहुतेक फोनमध्ये प्रत्येक नावाला वेगळी रिंगटोन लावता येते. आमच्याकडे लेकीची वेगळी, माझ्या धाकट्या बहिणीची वेगळी, डॉक्टरांची वेगळी. बाकी सगळ्या जगाला ती कंपनीची किणकिण. आमच्या घरात नियम असा की किणकिण झाली तर धावायचं नाही. हातातलं काम पुरं करायचं, चष्मा लावायचा, मग बघायचं.

हा नियम मी गंमत म्हणून केलेला नाही. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करून 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना तासन् तास फोनला खिळवून ठेवायचं आणि आयुष्याची पुंजी काढून घ्यायची, हा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून सांगावं लागलं. या चोरांचं मुख्य हत्यार म्हणजे घाई. परका फोन परक्या आवाजात वाजला, तर माणूस उचलण्याआधीच सावध असतो. ही काही कर्णाची कवचकुंडलं नव्हेत. पण दाराला कडी असावी, एवढा उपयोग नक्की आहे.

आता व्यापाऱ्यांकडे वळू. ज्यांनी कोणे एके काळी नोकियाचा फोन वापरला त्यांच्या कानात ती प्रसिद्ध धून अजून असेल. १९९४ पासून ती जगभर वाजली. ती आली कुठून? फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाची १९०२ सालची 'ग्रान व्हाल्स' नावाची रचना आहे, तिच्यातला एवढासा तुकडा कापून! म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध रिंगटोनसुद्धा कुणीतरी दुसऱ्याच्या संगीतातून कापूनच केलेली. कंपनीने कापली तर कल्पकता, आणि मी कापली तर उपद्व्याप?

पुढे तर बाजारच भरला. अमुक नंबरला एसेमेस करा, तमुक गाण्याची रिंगटोन मिळवा, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. रिंगटोनमुळे गाजलेल्या 'क्रेझी फ्रॉग' नावाच्या बेडकाचं गाणं २००५ मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिलं आलं. २००७ मध्ये अॅपलने आयफोनसाठी रिंगटोन विकायला काढल्या. ९९ सेंट देऊन गाणं घ्यायचं, आणि त्याच गाण्याच्या तीस सेकंदांसाठी पुन्हा ९९ सेंट द्यायचे! कपड्याच्या दुकानात सदरा घेतला, आणि बाही दुमडण्याचे पैसे वेगळे लागले, तर आपण दुकानदाराला काय म्हणू?

बरं, फुकटात करायचं म्हटलं तर त्या फोनवर एक साग्रसंगीत पूजाच होती. तुकडा कापा, एएसी प्रकारात साठवा, फाइलच्या नावाची शेपटी बदलून एम४आर करा, मग आयट्यून्समधून फोनला पाठवा. नाहीतर फोनमधल्या गॅरेजबँड या अॅपला वळसा घालून जा. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आलं. त्यात फोनमधलीच तीस सेकंदांच्या आतली फाइल निवडून 'रिंगटोन म्हणून वापरा' म्हटलं की काम झालं. अठरा वर्षं जे सरळ होत नव्हतं ते एका सुधारणेत झालं. याचा अर्थ अडचण यंत्राची कधीच नव्हती. इच्छेची होती.

इथे एक घोटाळा दूर करतो, कारण आपल्यातले पुष्कळ जण रिंगटोन आणि कॉलरट्यून एकच समजतात. रिंगटोन आपल्या फोनमध्ये असते आणि आपल्याला ऐकू येते. कॉलरट्यून कंपनीच्या यंत्रणेत असते आणि आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येते. पहिली आपली, दुसरी भाड्याची. २०१० च्या आसपास एका कंपनीने मी न मागितलेली कॉलरट्यून मला चिकटवली आणि दरमहा तीस रुपये कापायला सुरुवात केली. बरेच दिवस मला पत्ताच नव्हता. निवृत्त मास्तरांची खुशाली विचारायला माजी विद्यार्थी फोन करत, आणि त्यांना ऐकू येई एक भलतंच उडतं सिनेमागीत! असे पुष्कळांचे पैसे गेले असणार, म्हणून तर ट्रायला जुलै २०१३ मध्ये असल्या सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेण्याची सक्ती करावी लागली. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा फोन लावला की आधी खोकला आणि मग सूचना ऐकू येऊ लागल्या. हेतू चांगला होता, तक्रार नाही. पण भाड्याच्या घरात मालक केव्हाही येऊन भिंतीला रंग देऊ शकतो, हे त्यातून कळलं. आपल्या फोनमधल्या फाइलला असा कुणी हात लावत नाही.

"पण काका, हे कायद्यात बसतं का?" असं एक भाची विचारते. चांगला प्रश्न. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचावं. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला रास्त वापर हे उल्लंघन धरलेलं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सवलत संगणकप्रणाली सोडून सगळ्या कृतींना आहे. विकत घेतलेल्या सीडीतला तीस सेकंदांचा तुकडा स्वतःच्या फोनला लावणं याहून वैयक्तिक काय असणार? तो विकायला मात्र बसू नये. अमेरिकेत तर फोन चारचौघांत वाजतो म्हणून त्याला 'सार्वजनिक प्रयोग' समजा आणि मानधन द्या, असा दावा झाला होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ऑक्टोबर २००९ मध्ये तो फेटाळला.

ज्यांना एवढीही शंका नको त्यांनी जुन्या नाट्यसंगीताकडे वळावं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या ध्वनिमुद्रणांची मुदत संपली. 'मानापमान' १९११ चं. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, संगीत देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्यांच्या पश्चात धरलेली साठ वर्षंही सरली. बालगंधर्वांच्या त्या काळच्या तबकड्यांतली 'मानापमान'ची पदं आता तुमची-आमची आहेत. आणि बालगंधर्वांचा गळा शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधूनही ओळखू येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

"रागदारीचे असे तुकडे करणं म्हणजे विटंबना," असं आमचे एक संगीतप्रेमी स्नेही म्हणतात. त्यांना माझा सवाल असा की अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-तीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवला, ती काय विटंबना होती? उलट त्या तबकड्यांमुळेच ज्यांना मैफिलीत कुणी बसू दिलं नसतं त्यांच्याही घरी ते गाणं पोचलं. कापण्यात पाप नाही. कुठे कापलं याला महत्त्व आहे.

तेव्हा आता कापायचं कसं ते सांगतो. मी मराठी माध्यमातून बीए झालेला माणूस, मला जमलं म्हणजे तुम्हाला जमेलच.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम घ्यावा. २००० सालापासून तो फुकट आहे. त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच उतरवून घ्यावा, कारण 'फ्री रिंगटोन' म्हणून शोधलं तर पंधरा चकचकीत बटणं येतात आणि त्यातली चौदा भलतीकडे नेतात. मूळ गाण्याची एक प्रत करून घ्यावी आणि प्रतीवरच काम करावं. फाइल उघडली की गाण्याचे तरंग दिसतात. जिथे फुगवटा तिथे आवाज मोठा, जिथे बारीक तिथे आलाप नाहीतर श्वास. माउसने पंचवीस सेकंद निवडा, ऐका, पुढेमागे सरकवा. त्याहून लांब तुकडा कशाला? तोवर आपण फोन उचललेला असतो, नाहीतर पलीकडच्याने ठेवलेला असतो.

सुरुवात शब्दाच्या मध्ये नको. मुखड्याच्या आधीचा श्वास धरून कापावं. शेवट समेवर. निवडलेला भाग तेवढा ठेवून बाकी काढून टाकायचं. मग पहिल्या दोन सेकंदांना 'फेड इन' द्यायचं, म्हणजे आवाज हळूहळू चढतो आणि रात्री-अपरात्री छातीत धस्स होत नाही. शेवटी तसंच 'फेड आउट'. स्टिरिओचं मोनो करावं, 'नॉर्मलाइज' करून आवाज नीट भरून घ्यावा, आणि एमपी३ म्हणून एक्सपोर्ट करावं. नाव साधं द्यावं, "लेक", "बहीण" असं.

अँड्रॉइडवाल्यांनी फोन वायरने जोडून ती फाइल 'रिंगटोन्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि कॉन्टॅक्टमध्ये जाऊन त्या त्या नावाला लावायची. पहिल्यांदा तासभर जाईल. दुसऱ्यांदा दहा मिनिटं.

एक अनुभवाचा सल्ला. सगळ्यात आवडतं गाणं रिंगटोनला लावू नये. दिवसातून दहा वेळा अर्धवट तुटलेलं ऐकून त्याचा वीट येतो. दुसऱ्या नंबरचं लावावं.

आणि अॅप? ते असतातच, पण एक साधा तुकडा कापायला जे अॅप माझ्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं आणि दर मिनिटाला जाहिरात दाखवतं, त्याच्या हाती मी कात्री का देऊ?

राहिला पुतण्यांचा आक्षेप, की फोन सायलेंटवरच असावा. अरे बाबांनो, फोन चोवीस तास तुमच्या तळहातावर असतो, म्हणून तुम्हाला घंटी लागत नाही. आमचा फोन टेबलावर असतो आणि आम्ही घरात, अंगणात, बागेत असतो. ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सभागृहात, देवळात, कुणाच्या दुःखाच्या प्रसंगी तो बंद ठेवायलाच हवा, आणि तिथे आमच्याच वयाचे लोक जास्त चुकतात हेही कबूल. पण घरी तो वाजला पाहिजे, ऐकू आला पाहिजे, आणि कोण बोलावतंय ते सांगून वाजला पाहिजे.

म्हणून घरातल्या वाचकांना एक काम देतो. पुढच्या सुट्टीत आईवडिलांकडे जाल तेव्हा मिठाई कमी न्या आणि त्यांच्याजवळ बसून त्यांच्या आवडीचा एक तुकडा कापून द्या. त्याहून बरं म्हणजे माउस त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही नुसतं बाजूला बसा. ब्लॉगवाल्या मित्रांनी आपण कोणता तुकडा कापला ते जरूर कळवावं. 'कंपनीचीच आहे' हे उत्तर चालणार नाही.