जॅमर लावला, तरी ड्रोन येतोच कसा?
'द हर्ट लॉकर'ची सुरुवात आठवतेय? 2004 चं बगदाद. रोबोटच्या मागच्या गाडीचं चाक निखळतं, म्हणून बॉम्बजवळ माणूस जातो आणि खाटकाच्या दुकानातला एक जण मोबाइलचं बटण दाबतो. खऱ्या इराकमध्ये अमेरिकी सैन्याने यावर जॅमर आणले. सिग्नलच पोचला नाही तर बॉम्ब फुटणार कसा? मग समोरचे साध्या वायरकडे वळले.

युक्रेनमध्ये आता तेच चाललंय. तिथले कित्येक ड्रोन बारीक फायबर ऑप्टिकची तार सोडत उडतात (हो, घरी वायफायसाठी येते तसलीच). रेडिओच नाही, जॅमर अडवणार काय? इंजिनिअर म्हणून युक्ती भारी वाटते, पण असा ड्रोन न फुटता शेतात पडला, तर त्याच्याजवळ बऱ्याचदा माणसालाच जावं लागतं.